फेर आणि फड

गावच्या जत्रेत दोन नाच असतात. पहिला देवाच्या पालखीपुढे. छबिना निघाला की लेझमीचा खुळखुळाट, हलगीचा कडकडाट आणि गुलालात न्हालेली अख्खी आळी रस्त्यावर. दुसरा रात्री, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात, कनातीच्या आत. तिथे तिकीट लागतं. सलामी झडते, गण होतो, गवळण होते, आणि मग पायात चाळ बांधलेल्या बायका बोर्डावर येतात. संध्याकाळी पालखीपुढे नाचून दमलेला गडी रात्री तिथे पुढची जागा धरून बसतो आणि शिट्टी मारतो. त्याच्या नाचण्याला गाव भक्ती म्हणतं, हौस म्हणतं. समोरच्या बाईच्या नाचण्याला तेच गाव दुसरंच काहीतरी म्हणतं आणि ते तिच्या तोंडावर म्हणत नाही.

या पुस्तकातले लेख त्या दोन नाचांविषयी आहेत. म्हटलं तर वेगवेगळ्या विषयांवरचे: कुणी तारप्यावर लिहिलंय, कुणी फुगडीवर, कुणी संगीत बारीवर, कुणी कथकच्या वर्गावर, कुणी आजारी माणसांच्या नाचावर. एकत्र वाचल्यावर मात्र त्यांच्या तळाशी एकच प्रश्न दिसतो. नाच माणसांना जवळ आणतो, मग नाचणारी माणसं इतकी वर्षं लांब कशी राहिली?

दरवर्षी २९ एप्रिलला जगभर नृत्यदिन साजरा होतो. झाँ-जॉर्ज नॉव्हेर या फ्रेंच नृत्यकाराचा हा जन्मदिवस, साल १७२७. इंटरनॅशनल थिएटर इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने १९८२ पासून तो पाळला जाऊ लागला. नॉव्हेरने १७६० साली नृत्यावरची आपली पत्रं छापली. नर्तकांनी चेहऱ्यावरचे मुखवटे आणि अंगावरचे अवजड पोशाख टाकावेत, नाचातून माणसाच्या भावना दिसाव्यात, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडेही आता त्या दिवशी कार्यक्रम होतात, दीपप्रज्वलन होतं आणि पाहुणे दोन वाक्यं हमखास बोलतात: नृत्य आयुष्य बदलतं, नृत्य माणसं जोडतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण कुणाचं आयुष्य, कोणत्या दिशेने बदलतं? आणि जोडलेली माणसं नाच संपल्यावर किती वेळ जोडलेली राहतात? एवढं विचारलं की विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो.

आधी फेर, म्हणजे जिथे सगळेच नाचतात. पालघर जिल्ह्यात डहाणू, जव्हार, तलासरीच्या बाजूला वारल्यांचा तारपा वाजतो. वाळवून पोकळ केलेला भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाची पानं गुंडाळून केलेला लांब भोंगा, सांधे बुजवायला मेण. दुकानातून आणावं असं त्यात काही नाही. वाजवणारा गालात हवा साठवतो आणि नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर मध्येच तुटत नाही. भाताची कापणी झाली की नाचाच्या रात्री सुरू होतात. तारपकरी मध्ये असतो. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती वेटोळं धरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा संकेत. त्याने चाल बदलली की सगळ्यांनी पाऊल बदलायचं. मोठ्याने आकडे मोजणारं कुणी नसतं, शिकवणारं कुणी नसतं. नवखं पोरगं साखळीत ओढलं जातं आणि त्याचं पाऊल चुकलं तर शेजाऱ्याची कंबरच त्याला ते सांगते.

हे वेटोळं वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून जगाने पाहिलं. मशेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज ते वेटोळं कुर्त्यांवर आहे, चहाच्या कपांवर आहे, सरकारी इमारतींच्या भिंतींवर आहे. चित्राच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय आहे, असं विचारलं तर मात्र शहरातले कितीतरी जण गप्प होतील. नाचाचं चित्र घरात आलं, नाचणारी माणसं पाड्यावरच राहिली. हे या पुस्तकात पुन:पुन्हा दिसेल.

फेराचा दुसरा नमुना त्याहून ओळखीचा. फुगडीत दोघींनी हात आडवे गुंफायचे, चवडे एकमेकींना भिडवायचे आणि मागे रेलायचं. जेवढं रेलाल तेवढी गती. एकीने हात सोडला तर दोघी पडतात, म्हणून समोरचीवर भार टाकायची तयारी नसेल तर फुगडी होतच नाही. मंगळागौरीच्या रात्री ती नात्यागोत्यातल्या, बहुतेक एकाच जातीतल्या बायकांमध्ये रंगते. आषाढी वारीत तीच फुगडी उघड्या रस्त्यावर येते. नऊवारीतली आजी, कॉलेजातली मुलगी, टाळ गळ्यात अडकवलेला वारकरी, कधी बंदोबस्तावरचा पोलीससुद्धा. समोरचा कोण, कुठला, हे विचारायचं कारण पडत नाही. ‘माऊली’ एवढी ओळख पुरते.

पण इथेही थांबून पाहावं लागतं. ज्या वाटेवर शतकानुशतकं लोक एका टाळावर पावली खेळत आले, त्या वाटेच्या शेवटी असलेल्या देवळात दलितांना प्रवेश मिळण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. वाळवंटात सगळे एका तालात आणि पायरीपाशी आल्यावर ताल तुटलेला. चोखोबांची समाधी त्या पायरीशी आजही आहे. फेरातली समता खोटी होती, असं मी म्हणणार नाही. ती खरी होती म्हणूनच पायरीवरचा भेद अधिक बोचतो.

असे फेर आपल्या मुलखात ठिकठिकाणी आहेत. गोव्यात पौषात मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून धालो खेळतात. धनगरांचं गजनृत्य ढोलावर चालतं. कोकणातल्या जाखडीला मुंबईने बाल्या नाच म्हटलं आणि गिरणगावातल्या चाळींनी ती जगवली. खानावळीत जेवून आणि आळीपाळीने एकाच खोलीत झोपून गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याला गाव परत मिळायचं ते त्या गोल रिंगणात. या प्रत्येकावर स्वतंत्र पुस्तक व्हावं. इथे त्यांची ओळख होईल एवढंच.

एका तालात हललं की माणसांना एकमेकांविषयी आपलेपणा का वाटतो, याचा आता प्रयोगांनीही शोध घेतला जातो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ब्रॉनविन टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलामुलींना नाचायला लावून पाहिलं. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जी मुलं एकच हालचाल एकाच वेळी करत नाचली त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढली आणि बरोबरच्यांविषयीची जवळीकही वाढली. अंगमेहनतीचा परिणाम होताच, पण एकतालाचा परिणाम त्याहून वेगळा मोजता आला. वारकऱ्याला यात नवल वाटणार नाही. वीस-पंचवीस किलोमीटर चालून आल्यावर मुक्कामाला तो पुन्हा नाचतो, तेव्हा त्याचे पाय दुखायचे थांबलेले असतात हे त्याला ठाऊक आहे.

याच ताकदीची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकी इतिहासकार विल्यम मॅकनील १९४१ साली सैन्यात भरती झाले तेव्हा टेक्सासच्या छावणीत तासन्‌तास कवायत करताना त्यांना एक विलक्षण आनंद जाणवला होता. पुढे १९९५ मध्ये त्यांनी नृत्य आणि कवायत यांना एकत्र घेऊन पुस्तक लिहिलं. एका तालातलं पाऊल माणसांना बांधतं, मग तो ताल तारप्याचा असो की सैन्याच्या ढोलाचा. ही बांधणी कुणाच्या विरोधात वापरायची, हे ताल ठरवत नाही. मिरवणुकीतला नाच एखाद्या वस्तीसमोरून जाताना मुद्दाम रेंगाळतो आणि आवाज वाढतो, तेव्हा नाचणारे एकत्रच असतात. म्हणून ‘नाच जोडतो’ म्हणताना फेराबाहेर कोण उभं आहे, इकडे लक्ष हवं.

आता फड. इथे नाचणारा वेगळा आणि बघणारा वेगळा. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार, जात सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. दलित समाजातल्या पवळा हिवरगावकर त्यांच्या फडात नाचत. ब्राह्मण शाहीर आणि दलित नर्तकी एका बोर्डावर, हे त्या काळाला न पेलणारं होतं, तरी लोक लोटत. सर्व जातींचे लोक एका कनातीत बसून तो खेळ पाहत आणि घरी जाऊन आपापल्या पंगतीला बसत.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) या नावावाचून तमाशाची गोष्ट पुरी होत नाही. आडनावात गाव, मधल्या नावात बाप आणि जात, असं सगळं उघड्यावर घेऊन ही बाई उभी राहिली. खेळ चालू असताना त्या बोर्डामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, ही हकिकत तमाशात आजही सांगतात. ऐकणारा ‘काय ती कलेची निष्ठा’ म्हणून मान डोलावतो. मला त्या हकिकतीत आणखी एक गोष्ट दिसते: त्या रात्री खेळ थांबवण्याची सोय नव्हती. पुढे तिकिटाचे पैसे दिलेले लोक होते, मागे फडातल्या माणसांची पोटं होती. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळालेली ही कलावती अखेरच्या काळात पैशाच्या विवंचनेत होती. आज राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

यमुनाबाई वाईकरांची लावणी निराळी. बैठकीची लावणी ही बसून करायची. पाय मुडपून बसलेली बाई एकच ओळ घेते आणि तीच पुन:पुन्हा म्हणते. पहिल्यांदा भुवई बोलते, दुसऱ्यांदा पदराचं टोक, तिसऱ्यांदा नुसती मान वळते आणि दरवेळी अर्थ पालटतो: तक्रार, लाडीगोडी, टोमणा, हार. याला अदा म्हणतात. आत डोकावायला बरीच जागा आहे, असं वाटायला लावणारी ही कला आहे आणि ती येण्यासाठी गळ्याइतकंच डोकं लागतं. कोल्हाटी समाजात जन्मून लहानपणी रस्त्यावर नाचून-गाऊन पोट भरलेल्या यमुनाबाईंना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्या गेल्या.

नाचाने त्यांचं आयुष्य बदललं का? बदललं. पण त्याच समाजात जन्मलेल्या डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) वाचलं की बदलाची दुसरी बाजू कळते. आई नाचते, तिच्या कमाईवर भाऊ, बाप, सगळं घर बसून खातं, आणि तिचं पोर आजोळी मार खात वाढतं. आईचं नाव मधे लावून त्या पोराने डॉक्टर होऊन दाखवलं. नृत्याचा गौरव करणाऱ्या कुठल्याही पुस्तकाने हे पुस्तक शेजारी ठेवावं. एखादीच्या पायांनी घर उभं राहतं आणि त्या घरात तिचा शब्द चालत नाही, हेही नाचाने घडवलेलं आयुष्यच आहे.

फडाचा व्यवहारही समजून घ्यावा लागतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची मंडळी येतात, तारीख ठरते, सुपारी दिली जाते. जत्रांचा हंगाम हाच कमाईचा हंगाम. ट्रक, तंबू, जनरेटर, वाद्यवृंद, स्वयंपाकी धरून एका मोठ्या फडावर शंभरच्या आसपास माणसं जगतात आणि मालक बहुधा कर्ज काढूनच बाहेर पडतो. २०२० आणि २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनामुळे जत्रा बंद राहिल्या तेव्हा कोणत्या कलाकाराकडे किती शिल्लक होती, हे उघडं पडलं. टाळ्या वाजवणारा समाज त्या दोन वर्षांत कुठे होता, याची नोंद एका लेखात सविस्तर आहे. ती चुकवू नये.

फडाच्या शेजारीच, पण त्याच्याशी न बोलता, शहरातला मंच उभा राहिला. १९४७ साली पुण्यात रोहिणी भाटे यांनी ‘नृत्यभारती’ सुरू केली. पुण्याच्या पांढरपेशा घरातल्या मुलीने कथक करायचं म्हणजे नातेवाइकांचे कान टवकारले जाण्याचा तो काळ. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकून, संस्कृत ग्रंथ वाचून, मराठी कविता नाचून त्यांनी कथकला पुण्यात घर मिळवून दिलं. त्याआधी कथक नर्तकी मादाम मेनकांच्या हाताखाली तयार झालेल्या दमयंती जोशी लहान वयात युरोपभर नाचून आल्या होत्या. या स्त्रियांनी पुढच्या दोन-तीन पिढ्यांतल्या मुलींना आपल्या शरीराविषयी लाज न बाळगता उभं राहायला शिकवलं. हे काम लहान नाही.

मात्र त्याच सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. कलावंतांच्या विरोधानंतर ती उठली ती अटींसह, वग आधी तपासून घेण्याच्या बोलीवर. एकीकडे नाच सभ्य होत होता आणि दुसरीकडे ज्यांनी तो पिढ्यानपिढ्या सांभाळला त्यांना सभ्य होण्याची ताकीद मिळत होती. तमिळ मुलखातही हेच घडलं. तंजावरच्या मराठा दरबारात सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या आश्रयाला असलेल्या चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या मांडणीला आकार दिला. सरफोजींच्या नावाने मराठी नृत्यरचनाही आहेत. आचार्य पार्वतीकुमार यांनी त्या हस्तलिखितांतून बाहेर काढून मंचावर आणल्या आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती वाट पुढे नेली. दोन भाषांनी एका नाचात केलेला हा संसार अभिमान वाटावा असाच आहे. पण ज्या देवदासींच्या अंगात तो नाच जिवंत होता त्यांना १९४७ च्या मद्रास कायद्यानंतर मंदिर राहिलं नाही, आणि नव्या सभागृहांत बहुतेकींना जागा झाली नाही.

हा दुटप्पीपणा जुना झाला, असं कुणाला वाटत असेल तर २००५ आठवावं. महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी आणली आणि त्याच कायद्यात तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. बाई तीच, नाच तोच; फरशी महाग असली की संस्कृती बुडत नव्हती. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा कायदा रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. समतेचा आणि उपजीविकेचा अधिकार नाचणाऱ्या बाईलाही आहे, हे न्यायालयाला सांगावं लागलं.

एवढं सगळं मांडूनही मी नाचाच्या बाजूचा आहे, कारण शरीर जिथे हरतं तिथे नाच काय करतो हे पाहण्यासारखं आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णाचं पाऊल दारातच थिजतं. चालायचं मनात असतं, पण मेंदूकडून पायाला आपोआप मिळणारा हुकूम मिळत नाही. बाहेरून ताल मिळाला, समोरच्याचं पाऊल दिसलं, की तेच पाऊल पुष्कळदा उचललं जातं. पुण्यात हृषीकेश पवार हे समकालीन शैलीतले नर्तक पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांना नृत्य शिकवत आले आहेत. आजार त्याने बरा होत नाही. पण घरात ‘सांभाळून, पडाल’ एवढंच ऐकणारा माणूस तिथे कुणाचा तरी हात धरून तोल सांभाळतो आणि दुसऱ्याचाही सांभाळतो. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावलेल्या भरतनाट्यम नर्तकी सुधा चंद्रन जयपूर फूट लावून १९८४ मध्ये पुन्हा मंचावर आल्या. समकालीन नर्तक अस्ताद देबू यांनी ऐकू न येणाऱ्या तरुणांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. डोळ्यांनी, श्वासाने, मोजणीने ती मुलं एकमेकांशी जुळत आणि प्रेक्षक नाच पाहत. दया करायची सवड त्यांना मिळत नसे.

इथे फेर आणि फड एकत्र येतात. देबूंच्या मंचावर कुणीतरी नाचत होतं आणि कुणीतरी बघत होतं, पण बघणारा नाचणाऱ्याकडे वरून पाहत नव्हता. असं आपल्याकडे सगळ्याच मंचांवर घडलं असतं तर या पुस्तकाची अर्धी पानं लिहावी लागली नसती.

वाचकाला एक सूचना. हे लेख क्रमाने वाचायलाच हवेत असं नाही, पण शास्त्रीय नृत्यावरचा एक वाचला की पुढचा फडावरचा वाचावा आणि मग पाड्यावरचा. एकाच नजरेने तिन्ही पाहता येतात का, हे तपासावं. अंगातला ताल, सराव, गुरू, दमसास, प्रेक्षकाला खिळवण्याची करामत या गोष्टी तिन्हीकडे सारख्याच सापडतील. वेगळी आढळेल ती मिळकत, म्हातारपणाची सोय आणि नावापुढे लावायचा आदर.

म्हणून या पुस्तकाला नृत्याचा उत्सव म्हणायला माझी हरकत नाही, मात्र उत्सवाचा हिशोब नीट मांडला जावा. तारप्याचं चित्र विकणाऱ्याने तारपकऱ्याला बोलवावं आणि कलाकाराचं मानधन द्यावं. लावणीचा कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाने पत्रिकेत पाहुण्यांच्या आधी नाचणारीचं नाव छापावं. गॅदरिंगला मुलीने नऊवारी नेसून लावणी केली म्हणून कौतुक करणाऱ्या घराने ती लावणी जिच्याकडून आली त्या बाईच्या मुलीला वर्गात शेजारी बसू द्यावं. एवढं झालं की नृत्य माणसं जोडतं हे वाक्य २९ एप्रिलच्या भाषणात कुणीही खुशाल म्हणावं.